नुसता काळा

६ जानेवारी

फाइल परत आली. सोबत एवढंच: "काळा फुटलाय. बघून घ्या." नमस्कार नाही, खाली नाव नाही. काळा कसा फुटेल? तो काय काचेचा ग्लास आहे?

फोन केला. प्रेसमध्ये फाइली तपासायला एक बाई आहेत. तोंडावर मी त्यांना ताई म्हणते, घरात नकारघंटा. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचं अक्षर चार शाईंत आलंय. मजकूर नुसत्या काळ्यात पाहिजे."

"अहो, मी काळाच दिलाय."

"तुम्ही पडद्यावरचा काळा दिलाय. तो इथे चार रंग मिळून होतो. निळा, किरमिजी, पिवळा आणि वरून काळा. एवढंसं अक्षर चार वेळा एकाच जागी पडायला हवं. कागद केसभर सरकला की अक्षराला लाल-निळी कड येते. मग तुम्हीच म्हणणार, छपाई खराब."

म्हणणारच होते.

इतकी वर्षं ऑफिसात पडद्यासाठी पानं केली. तिथे काळा म्हणजे काळा, सगळे आकडे शून्य, विषय संपला. मोठ्या तोऱ्यात राजीनामा दिला की आता घरी बसून लोकांची पुस्तकं करणार. पहिल्याच पुस्तकात काळ्याने मला पाणी पाजलं.

पुस्तक काकाचं आहे. काकाने जन्मभर नाटकांना दिवे लावले आणि विंगेत उभं राहून अंधारातले फोटो काढले. एंट्रीआधी डोळे मिटून उभी असलेली नटी, पडदा ओढणाऱ्याची पाठ, रिकाम्या खुर्च्या. पुस्तकात निम्मा अंधारच आहे. दिवेवाल्याने अंधाराचं पुस्तक काढलं म्हणून स्वारी स्वतःवर खूश आहे.

बाबांना अजून यातलं काही सांगितलेलं नाही. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच राहतात. काकाचा फोन आला की ते टीव्हीचा आवाज वाढवतात. बातम्या किंचाळायला लागल्या की स्वयंपाकघरात नवऱ्याला कळतं, काका बोलतोय.

९ जानेवारी

सगळा मजकूर निवडला आणि नुसता काळा केला. निळा शून्य, किरमिजी शून्य, पिवळा शून्य, काळा शंभर. डोळ्यांत तेल घालून तपासला. पाठवला. दुपारी उत्तर: "काळा फुटलाय."

मी फोनवर जरा चढ्या आवाजात बोलले. त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. "एक्सपोर्ट करताना तुम्ही प्रोफाइल बदलून दिलंय, मॅडम."

प्रोफाइल म्हणजे कुठल्या कागदावर कुठली शाई कशी दिसेल याचा हिशेब. माझी फाइल एका कागदाचा हिशेब धरून बसली होती, प्रेसचा कागद दुसरा. म्हणून मी सॉफ्टवेअरला इमानदारीत सांगितलं, प्रेसच्या हिशेबात बदलून दे. तर त्या दीडशहाण्याने माझा नुसता काळा उचलला आणि पुन्हा चार शाईंत कालवला. का, तर दिसायला रंग तोच राहावा! मला रंग तोच नको होता, आकडे तेच हवे होते. त्यासाठी खाली कोपऱ्यात एक बारीकसा पर्याय असतो, आकडे जपायचा. तो मी निवडलाच नव्हता. इतका महत्त्वाचा पर्याय इतक्या बारीक अक्षरात कोण ठेवतं?

नवरा म्हणाला, "तू काळ्याला नुसता काळा राहू दे म्हणतेयस आणि तो चौघांना घेऊन येतोय. एकत्र कुटुंबातला दिसतोय." मला हसू आलं नाही.

१२ जानेवारी

काकाकडे जाऊन आले. तो आमच्याकडे येत नाही, मीच जाते. फोटोंचा क्रम लावता लावता एकदम म्हणाला, "सुरुवातीला एक पान दादाला देऊ या का गं?"

दादा म्हणजे माझे बाबा. मी नुसती मान हलवली. जास्त आनंद दाखवला असता तर तो तिथल्या तिथे फिरला असता.

आजी शेवटची आजारी होती तेव्हा काका दौऱ्यावर होता. बाबांनी निरोपावर निरोप धाडले. काका खेळ संपवून आला, आणि तोवर सगळं संपलं होतं. बाबा दारातच म्हणाले, "दिवे लावायला दुसरं कोणी नव्हतं का?" त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. माझ्या लग्नात दोघं मांडवाच्या दोन टोकांना, मध्ये मी आणि नवरा. फोटोग्राफरचे हाल झाले.

काकाने ओळ सांगितली: "दादाला. माझ्या पहिल्या खेळात दिवा त्याने धरला होता." लहानपणी तो भिंतीवर हातांच्या सावल्यांचा खेळ करायचा म्हणे, मागून दादा दिवा धरायचा. मी घरी येऊन लगेच ती ओळ पानावर बसवली, पांढऱ्या कागदावर काळी, मधोमध.

आता खरं लिहायला हरकत नाही. हे पुस्तक मी या एका पानासाठी करतेय. ते छापून बाबांच्या हातात पडलं पाहिजे. तोंडाने हे दोघं कधी बोलणार नाहीत, याची मला खात्री आहे.

१४ जानेवारी

नकारघंटेची नवी मागणी: काळ्या अक्षरांना ओव्हरप्रिंट लावा. म्हणजे खालचा रंग न कापता अक्षर सरळ त्याच्यावर छापायचं. नाहीतर खालच्या रंगात अक्षराच्या आकाराचं भोक राहतं आणि कागद सरकला की त्या भोकाची पांढरी किनार दिसते. बरं. पुस्तकातली सगळी काळी अक्षरं एका फटक्यात निवडली आणि लावून टाकलं. एक तरी काम आज न रडता झालं.

१७ जानेवारी

काकाचा फोन. "ती ओळ जरा लहान कर."

केली.

पुन्हा फोन. "आणखी जरा लहान. आणि मधोमध नको, खाली घे."

घेतली. बाहेर टीव्हीवर कुठल्या तरी देशाचं हवामान ओरडत होतं.

१८ जानेवारी

आज काका म्हणतो, "पांढऱ्या पानावर ती ओळ फार उघडी पडते गं. पान काळं कर, अक्षर पांढरं."

केलं. पाचच मिनिटांचं काम, पान काळं, अक्षर पांढरं. पण एका ओळीसाठी हा माणूस माझा किती जीव खाणार? दोनशे फोटोंबद्दल याची एक तक्रार नाही. नवरा म्हणाला, "त्याला ती ओळ हवीय ना नक्की?" मी म्हटलं, त्यानेच तर सांगितली. कलाकार लोक बारीकसारीक गोष्टींत अडकतात, दुसरं काय.

२० जानेवारी

आता काळ्या पानांची रड. नुसता काळा अक्षरांना शोभतो, पण अख्खं पान नुसत्या काळ्यात छापलं की पुसून पुसून विटलेल्या पाटीसारखं दिसतं. नमुना काकाला दाखवला. त्याने तो खिडकीशी नेला, दिव्याखाली नेला, आणि म्हणाला, "हा अंधार नाही. ही संध्याकाळ आहे."

म्हणजे जिथे चार शाई नको तिथे त्या आपण होऊन येत होत्या, आणि आता जिथे हव्यात तिथे मी हाताने घालायच्या. मी वैतागून चारही शंभर केल्या. घे म्हटलं अंधार.

नकारघंटेचा स्वतःहून फोन, पहिल्यांदाच. "मॅडम, ही शाई पुढच्या वर्षापर्यंत वाळणार नाही. समोरच्या पानाला चिकटेल. पुस्तक उघडताना फाटेल."

शेवटी निळा साठ, किरमिजी चाळीस, पिवळा चाळीस, काळा शंभर यावर तह झाला. काका म्हणाला, "हां. आता नट दिसेनासा होईल."

२३ जानेवारी

डोकं दुखतंय. काही लिहायचं नाही.

२४ जानेवारी

फाइल पास! नकारघंटेने लिहिलं, "ठीक आहे." या बाईच्या शब्दकोशात हे म्हणजे सत्कार, शाल आणि श्रीफळ. मी घरभर नाचले. बाबांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काळा सुटला. ते म्हणाले, "बरं झालं," आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं. कशाचा काळा, कुणाचं पुस्तक, अजून एका शब्दाने विचारलेलं नाही. घरात महिनाभर याशिवाय दुसरा विषय नाही, तरी.

२७ जानेवारी

प्रेसमध्ये प्रूफ बघायला गेलो, मी आणि काका. लांब टेबल, वर पांढरा दिवा, पलीकडे मशीनची धडधड. मी भिंग डोळ्याला लावून अक्षरांच्या कडा तपासत होते. एकाही अक्षराला लाल कड नाही, निळी कड नाही. नुसता काळा! मला भिंगातून त्या अक्षरांचे मुके घ्यावेसे वाटले. नकारघंटा प्रत्यक्षात फारच लहानखुऱ्या निघाल्या, स्वेटर घातलेल्या. फोनवरून मला त्या सहा फूट वाटायच्या.

काका एकेक पान बघून सही करत होता. सुरुवातीच्याच एका काळ्या पानापाशी फार वेळ थांबला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पान तिरकं धरून बघितलं. मी विचारलं, "काय रे, काही डाग आहे का?"

"नाही. हे पान चांगलं झालंय," म्हणाला आणि सही केली.

अख्ख्या महिन्यात माझ्या काळ्याचं पहिलं कौतुक. मला भरून आलं.

परत येताना तो डोळे मिटून बसला होता. दमला असावा.

६ फेब्रुवारी

ओळ नाही.

पुस्तकं आली. गठ्ठे बाबांनीच दारात उतरवून घेतले. मी खोलीत नेऊन पहिला फोडला. शाईचा वास, जाड कागद, सगळं देखणं. पहिलं पान उलटलं आणि काळं पान, नुसतं काळं. दिव्याखाली धरलं, खिडकीशी नेलं. दुसरी प्रत, तिसरी प्रत. ओळ कुठेच नाही. संगणकावर फाइल उघडली तर तिथे आहे, स्वच्छ पांढरी.

नकारघंटेला फोन लावला. त्यांनी आपल्याकडची फाइल उघडली. मग म्हणाल्या, "मॅडम, ती ओळ आधी काळी होती का?"

मला तिथेच कळलं. मी तिला काळी असताना ओव्हरप्रिंट लावलं, मग पांढरी केली. ओव्हरप्रिंट तसंच चिकटून राहिलं. पांढऱ्याला शाई नसते, तो म्हणजे खालचा रंग कापून उघडा राहिलेला कागद. आणि मी सांगून ठेवलेलं, खालचं काही कापू नको. मशीनने ऐकलं. काळ्यावर काहीच छापलं नाही, मनापासून, प्रत्येक प्रतीत.

"तुमच्या तपासणीत नाही दिसलं?"

"इशारा आला असेल. तुमच्या फाइलीला पन्नास इशारे येत होते, मॅडम. पन्नासातल्या एकोणपन्नासांवरून तुम्ही माझ्याशी भांडलात."

मी फोन ठेवला. बाबा दारापाशी येऊन म्हणाले, "आलं वाटतं पुस्तक." मी हातातली प्रत मागे लपवली. या वयात.

७ फेब्रुवारी

काकाला सांगितलं. वाटलं, आता आकाश कोसळणार. तो म्हणाला, "असू दे गं. होतं असं."

"असू दे काय? मी प्रत्येक प्रतीत पांढऱ्या पेनाने लिहिते. किंवा तू लिही, तुझ्या अक्षरात. उलट जास्त छान दिसेल."

"नको. राहू दे."

"काका, तू सही केलीस त्या पानावर!"

"हो का? दिसलं नाही मला. म्हातारा झालो आता."

राग आला. एवढा आटापिटा केला, आणि याला काही फरक पडत नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, "ज्या माणसाचा जन्म अंधारात बघण्यात गेला, त्याला काळ्या पानावरची ओळ गायब झालेली दिसली नाही?"

मी म्हटलं, डोळे तपासायला नेलं पाहिजे. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि ताट उचललं. याला काय झालंय कुणास ठाऊक. सगळ्यांनी मिळून मला वेडं करायचं ठरवलंय.

९ फेब्रुवारी

ओव्हरप्रिंट समजावून सांगायला जगात एकही माणूस उरला नाही. शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे प्रेसवाल्यांनी ओळ खाल्ली." हो, म्हटलं, खाल्ली.

११ फेब्रुवारी

सकाळी उठले तर बाबा जेवणाच्या टेबलाशी काकाचं पुस्तक घेऊन बसलेले. गठ्ठ्यातून आपलं आपण काढून घेतलं होतं. चहा केला, पुढ्यात ठेवला. त्यांनी शेवटच्या पानापर्यंत सावकाश बघितलं. मग परत सुरुवातीच्या काळ्या पानाशी आले.

"हे पान काळं का आहे?"

"तशी रचना आहे, बाबा."

"रचना कसली? नुसतं काळं आहे. तुझा काका उगाच अंधार करत नाही. मी त्याची नाटकं बघितलीत."

मी चमचा खाली ठेवला. "तुम्ही कधी बघितलीत?"

"बघितलीत. मागे बसून." आणि लगेच, "इथे काय होतं?"

मग माझा बांध फुटला. सगळं सांगितलं: चार शाई, प्रोफाइल, आकडे, काळ्याचं पांढरं कसं झालं आणि ओव्हरप्रिंट कसं चिकटून राहिलं. शेवटी तर मी चक्क रडत होते, आणि तेही ओव्हरप्रिंटबद्दल. बाबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "म्हणजे ओळ आहे, फक्त छापली गेली नाही?"

"हो."

"दाखव."

माझ्या खोलीत ते कधी येत नाहीत. आले. खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ ओढली. ओळ वाचली. पुन्हा वाचली, ओठ हलवत. मी भिंतीला टेकून उभी होते.

ते म्हणाले, "हे चूक आहे."

माझा संताप संताप झाला. महिनाभर मी काय भोगलं, आणि यांना शुद्धलेखन सुचतंय! "काय चूक आहे, बाबा? कुठलं अक्षर?"

"अक्षर नाही. फोन लाव त्याला."

"कुणाला?"

"किती काका आहेत तुला?"

मी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं.

"मी बोलतोय," बाबा म्हणाले. बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. पलीकडे कोणी बोलत होतं की नाही, कुणास ठाऊक. "हो, मिळालं. बघितलं सगळं. ते राहू दे. तू जी ओळ लिहिलीस ना, ती चूक आहे. दिवा मी नव्हता धरला."

त्यांनी पडद्यावरची ओळ पुन्हा बघितली.

"अरे, आईने धरला होता. रोज तीच धरायची. तुझं तोंड भिंतीकडे, पाठ तिच्याकडे, तुला कसं कळणार? मी पलीकडच्या खोलीत अभ्यास करत होतो. हात अवघडला की ती मला हाक मारायची, जरा धर रे म्हणून." इथे त्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. "मी जायचो नाही. मला ऐकू यायचं. पण जायचो नाही."

मी बाहेर आले. स्वयंपाकघरात नवरा होता, त्याने माझा चेहरा बघून गॅस बंद केला. आम्ही दोघं तिथे नुसते उभे राहिलो. खोलीतून बाबांचा आवाज येत होता, मध्येच चढलेला, मध्येच इतका बारीक की शब्द लागेना. एकदा "गाढवा" ऐकू आलं. टीव्ही बंद होता.

बऱ्याच वेळाने बाबा दारात आले. डोळे लाल. फोन माझ्याकडे देत म्हणाले, "ते एकच पान पुन्हा छापता येईल?"

"येईल. छापून आत चिकटवता येईल."

"आणि ओळ बदलायला किती वेळ लागतो?"

"पाच मिनिटं."

"मग आत्ता नको बदलू," बाबा म्हणाले. "थांब जरा. तो येतोय."

आता हे दोघं मिळून एक ओळ लिहिणार. मेले मी. नकारघंटेला आधीच फोन करून ठेवते.